दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्याच फायली दोनदा का दिसतात? (घरात कॉम्प्युटर चार, संग्रह एक)

पायपेटी_फोंडा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. मधलं गाळून विचारलं तर भलतंच उत्तर मिळेल, म्हणून सगळंच लिहितो.

घर म्हार्दोळला. जुनं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक. बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे. तरुणपणी आसपासच्या गावांत उत्सवाला नाटक असलं की ऑर्गनवर ते. ऑर्गनशेजारी स्टुलावर एक टेप रेकॉर्डर ठेवायचे आणि अंक सुरू झाला की बटण दाबायचे. त्या कॅसेटी बावन्न आहेत. पदांबरोबर विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाजही आहे, काही ठिकाणी नटापेक्षा खणखणीत. शिवाय आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरून उतरवून घेतलेली भजनं आणि नंतर विकत घेतलेल्या नव्वदेक सीडी. गेल्या काही वर्षांत हे सगळं कॉम्प्युटरवर आणलं. एकूण 140 जीबीच्या आसपास.

घरात कॉम्प्युटर चार. पुढच्या खोलीत बाबांचा डेस्कटॉप (विंडोज 10), माझा लॅपटॉप (विंडोज 11), बायकोचं 2012 सालचं मॅकबुक आणि माडीवर मुलीचा लॅपटॉप. चौघांकडे संग्रहाची आपापली प्रत. मी एका ठिकाणी नाव सुधारलं की उरलेल्या तिन्हीकडे चूक तशीच. केसरबाई केरकर आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, पण आमच्या घरात त्या तीन वेगवेगळ्या गायिका आहेत: एक केसरबाई, एक सुरश्री केसरबाई आणि एक इंग्रजीतल्या.

चवथीच्या सुट्टीत ठरवलं की सगळं बाबांच्या डेस्कटॉपवर एकत्र करायचं. बायकोने तिच्या मॅकवरचा फोल्डर झिप करून पेनड्राइव्हवर दिला, मी तो बाबांच्या फोल्डरावर उघडला. नाव जुळलं तर विंडोज विचारतो ना, बदलू का म्हणून? मी प्रत्येक वेळी 'नको' म्हटलं. म्हणजे एकेकच फाइल राहायला हवी होती. एका नाटकाच्या फोल्डरात आता हे दिसतं:

पहिल्या अंकातली पदे
दुसऱ्या अंकातली पदे
दुसऱ्या अंकातली पदे
तिसऱ्या अंकातली पदे
तिसऱ्या अंकातली पदे
चौथ्या अंकातली पदे
पाचव्या अंकातली पदे

नावं अक्षरश: तीच आहेत. शेवटी रिकामी जागा नाही, एक्स्टेन्शनही एकच. आणखी चार नाटकांत हाच प्रकार, तिथेही दुसरा आणि तिसराच अंक. मुलगी म्हणते, आजोबांच्या नाटकात भुताचा प्रवेश दुसऱ्या अंकात आहे. एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली विंडोज ठेवूच कशा देतो?

आता मूळ प्रश्न. संग्रह एकाच जागी ठेवून चौघांनी तिथूनच ऐकायचं, तर काय करावं? अडचणी अशा: बाबांना फोल्डर उघडून डबल क्लिक करता येतं आणि त्यांना तेवढंच हवं आहे. ते रात्री साडेनऊला भिंतीवरचं बटणच बंद करतात (विजेची भीती, आणि ती अगदीच खोटी नाही), म्हणजे त्यांच्या डेस्कटॉपवर संग्रह ठेवला तर साडेनऊनंतर घर मुकं. आणि स्वयंपाकघर राजांगणाच्या पलीकडे आहे. तिथे वायफाय पोचतं म्हणण्यापुरतं पोचतं, गाणं दर मिनिटाला अडखळतं.

मडगावच्या एका दुकानदाराने तीस हजारांचा डबा (नेटवर्कला जोडून घरभर फायली पुरवणारा) दाखवला. घ्यायला लागला तर घेईन, पण आधी इथे विचारतो.

---

म्हापशेकार

डबा घेऊ नका. निदान आज नको.

आधी नुसता फोल्डर शेअर करून बघा. फोल्डरावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. परवानगी फक्त वाचण्याची द्या. जुन्या लेखांत होमग्रुप काढा असं सांगितलेलं असेल तर तो नाद सोडा, विंडोज 10 मधून तो 2018 मध्येच गेला. नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे ना ते तपासा, 'पब्लिक' असेल तर एकमेकांना कॉम्प्युटर दिसतच नाहीत आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो.

सगळे जिथे ठेचकाळतात ती जागा सांगतो. विंडोज सुरू करताना तुम्ही चार आकडी पिन टाकत असाल, तो शेअर उघडायला चालत नाही. पासवर्डच लागतो. त्यासाठी डेस्कटॉपवर 'गाणी' नावाचा वेगळा लोकल युजर करा, त्याला साधा पासवर्ड द्या आणि बाकीच्या मशीनांवरून त्याच नावाने आत या. पासवर्डाशिवाय पाहुणा म्हणून आत शिरायची जुनी सोय नव्या विंडोज 11 मध्ये अडवलेली आहे.

भुतांचं मला कळलं नाही. डिस्क एकदा तपासून घ्या.

---

शिवोलीचा_सर्व्हर

शेअर ठीक आहे, पण ते साडेनऊचं बटण तुम्ही विसरलात. रास्पबेरी पाय 4 (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घ्या, त्याला यूएसबीवर एसएसडी डिस्क जोडा आणि चोवीस तास चालू ठेवा. पाच वॅटच्या आसपास खातो, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट. डेस्कटॉप रात्रंदिवस ठेवलात तर पन्नास युनिटला मरण नाही. फक्त मेमरी कार्डावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे पावसात वीज जाते-येते त्यात कार्डं खराब होतात. सिस्टिमसुद्धा एसएसडीवरूनच सुरू करा आणि मागे छोटा यूपीएस लावा.

त्यावर नॅव्हिड्रोम हा गाणी पुरवणारा प्रोग्राम टाका. ब्राउझरमधून ऐका, फोनवरून ऐका, मुलीला वेगळं खातं, तिची आवडती गाणी वेगळी. ते तुमच्या फायलींना हात लावत नाही, फक्त वाचतं.

---

पायपेटी_फोंडा

नॅव्हिड्रोम लॅपटॉपवर टाकून बघितलं. दिसायला छान आहे. पण बाबांचे फोल्डर त्यात हरवले! 'उत्सवाची नाटके', त्यात गाव, त्यात साल, त्यात अंक अशी त्यांची मांडणी. इथे सगळ्या कॅसेटी 'अनोळखी कलाकार' या एकाच ढिगात. बाबांनी पडद्याकडे बघून एवढंच विचारलं, "हे अनोळखी कोण?"

---

शिवोलीचा_सर्व्हर

हो, ते मी सांगायला हवं होतं. नॅव्हिड्रोम फोल्डर बघत नाही, फायलीच्या पोटातले टॅग (गायक, गाणं वगैरे माहिती) बघतं. कॅसेटींना टॅग नसणार. फोल्डरांप्रमाणे हवं असेल तर लिरियन बघा, म्हणजे पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर. त्यात संगीताचे फोल्डर जसेच्या तसे दिसतात. शिवाय पुढच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात एकच गाणं एका वेळी वाजवता येतं, मागेपुढे न होता. जत्रेतल्या दोन कर्ण्यांसारखं ऐकावं लागत नाही.

तरी बाबांसाठी म्हापशेकारांचं खरं आहे. पायवरचा फोल्डर साधा शेअर करा आणि बाबांच्या डेस्कटॉपवर तो ड्राइव्ह म्हणून जोडा. त्यांना कळणारही नाही.

---

कौलारू_घर

मी लोकांच्या घरी केबल ओढायचंच काम करतो, म्हणून स्वयंपाकघराबद्दल बोलतो.

तुमचं वायफाय हळू नाही, भिंत जाड आहे. सीडीच्या दर्जाचं गाणं फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता, ठेवलं तरी सेकंदाला एक मेगाबिटच्या आतबाहेर लागतं, ते कुठलंही वायफाय देतं. पण दीड फूट चिरा, मध्ये राजांगण, पलीकडे पुन्हा दीड फूट चिरा! त्यात चिरा सच्छिद्र, पावसात पाणी पिऊन बसतो, आणि ओली भिंत लहरी जास्तच खाते. मे महिन्यात चालणारं वायफाय जुलैत रुसतं ते यामुळे. नवा राउटर घेऊन 5 गिगाहर्ट्झवर गेलात तर आणखी वाईट, तो पट्टा भिंतीपुढे लवकर हार मानतो. निदान स्वयंपाकघरापुरतं 2.4 वर राहा.

खरा उपाय केबल. छपराच्या कौलांखालून, वाशांच्या कडेने, राजांगणाला वळसा घालून. एका तुकड्यात शंभर मीटरपर्यंत चालते, तुम्हाला तीस-पस्तीस पुरेल. राजांगणातून उघड्यावरून मात्र ओढू नका. जवळपास वीज पडली की अशा तारेतून झटका येतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. पलीकडे एक स्वस्त ॲक्सेस पॉइंट (केबलीवरून वायफाय देणारा) लावा. केबल टाकताना उंदरांचा विचार करा, पाइपातून न्या.

---

खिळाजुळारी_डिचोली

भुतांकडे कुणी बघितलंच नाही. डिस्क तपासू नका, डिस्क शाबूत आहे.

मी छपाईतला माणूस. आयुष्य मराठी फॉन्टांच्या भानगडी निस्तरण्यात गेलं, म्हणून यादी वाचताक्षणी हसू आलं. पहिल्या, चौथ्या, पाचव्या एकेकदा. दुसऱ्या, तिसऱ्या दोनदोनदा. अंकांकडे बघू नका, अक्षरांकडे बघा. दोन्हीत ऱ आहे, अर्धचंद्रासारखा लागणारा आपला तो ऱ.

कॉम्प्युटरला हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला स्वतःचा क्रमांक. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र आणि त्याच्यामागे नुक्ता, म्हणजे खालचं टिंब. युनिकोडच्या (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) नियमाने दोन्ही समान, दिसायलाही सारखेच. पण विंडोज फायलीचं नाव ताडताना दिसण्याकडे बघत नाही, क्रमांक बघतो. क्रमांक वेगळे, म्हणजे नावं वेगळी. म्हणून त्याने 'बदलू का' असं त्या फायलींसाठी विचारलंच नसणार.

सुटा ऱ, म्हणजे र आणि नुक्ता वेगवेगळे, आला तुमच्या पत्नीच्या मॅकवरून. ॲपलने 2017 मध्ये फाइल सिस्टिम बदलली. त्याआधीच्या मॅकवर फायलींची नावं सुटी करून ठेवायची पद्धत होती, आणि झिप केलं की ती सुटी नावं तशीच बाहेर पडतात. इंग्रजी नावांना काही होत नाही. मराठीतही बाकी अक्षरं वाचतात. सापडतो तो ऱ. हिंदी चिजांची नावं देवनागरीत लिहिली असतील तर ड आणि ढ खाली टिंब असलेलीही तपासा, तिथेही हाच घोळ होतो.

पटत नसेल तर करून बघा. दोन्ही नावांतला 'दुसऱ्या' हा शब्द नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवा. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेकदा दाबा आणि मोजा. जोडलेला ऱ असेल तर सात वेळा दाबून शब्द संपेल. सुटा असेल तर आठ.

---

पायपेटी_फोंडा

सात आणि आठ!!

मुलीला बसवून मोजून घेतलं. पहिल्या ओळीत कान्याला एक, य ला एक, हलन्ताला एक, मग ऱ एका दणक्यात गेला. दुसऱ्या ओळीत तिथवर सगळं तसंच, आणि मग बॅकस्पेस दाबला तर ऱ चा नुसता र झाला. टिंब तेवढं गळलं. ती दोन मिनिटं तेच पुन्हा पुन्हा करत होती. देव बरें करूं, डिचोलीकर.

आता शोधलं तर अशा एकसष्ट जोड्या आहेत. 'गाभाऱ्यातली आरती', 'दुसऱ्या रात्रीचं भजन', 'म्हाताऱ्याचा प्रवेश', सगळे ऱ वाले. सुटा ऱ असलेल्या सरसकट उडवतो आणि मोकळा होतो.

---

खिळाजुळारी_डिचोली

थांबा! नाव सारखं आहे म्हणून आतला माल सारखा असेल असं नाही. दोन्ही प्रती वेगवेगळ्या मशीनांवर वर्षानुवर्षं होत्या. कुणी कुठे काय सुधारलं ते आठवतं का? आधी प्रत्येक जोडीचा आकार आणि वेळ ताडून बघा. ठेवायची कुठली ते ठरलं की नाव हाताने पुन्हा टाइप करा, जोडलेला ऱ आपोआप येईल. एकसष्टच आहेत, एका संध्याकाळचं काम. हजारो असते तर लिनक्सवर कन्व्हएमव्ही नावाचं साधन आहे, ते सगळी नावं एका फटक्यात जोडून देतं.

---

माशेलची_सून

मध्येच बोलते, क्षमस्व. आमच्याकडे सिंकथिंग आहे, चारही मशीनांवर आपोआप तेच राहतं, सर्व्हर नको, काही नको. मला बरं वाटलं ते. मात्र सासऱ्यांनी एक फोल्डर चुकून उडवला तर तो चारही ठिकाणी उडाला, अर्ध्या मिनिटात. तेव्हापासून त्यांचं मशीन 'फक्त घेणारं' केलंय आणि जुन्या प्रती राखून ठेवण्याची सोय चालू केली आहे. तुम्ही काहीही वापरा, बदलायचा हक्क एकालाच ठेवा. आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर, कपाटात.

केसरबाईंचं वाचून गंमत वाटली. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यात त्यांचं साडेतीन मिनिटांचं गाणं आहे, भैरवीतलं. त्या यादीत नाव 'सुरश्री केसर बाई केरकर' असं तोडून लिहिलंय. म्हणजे तुमच्या घरातल्या तीन आणि ही सूर्यमालेबाहेरची चौथी.

---

पायपेटी_फोंडा

तीन आठवडे गेले, काय केलं ते सांगतो.

रास्पबेरी पाय घेतला. जुन्या लॅपटॉपमधली एसएसडी त्याला लावली. तीस हजारांच्या डब्याचे पैसे वाचले. त्यातले थोडे केबलीत आणि पाइपात गेले. कौलारू_घर यांनी सांगितलं तशी वाशांच्या कडेने नेली. गवंड्याने चार ठिकाणी कौलं हलवली, त्यातली दोन फुटली, ती वेगळी कथा. स्वयंपाकघरात गाणं आता अडखळत नाही. लिहिण्याचा हक्क फक्त माझ्या खात्याला, बाकी सगळे वाचणारे. बायकोला ते आवडलेलं नाही, तिने सुधारलेल्या नावांवर माझ्यापेक्षा जास्त तास गेलेत आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. तेव्हा आता दोन खाती.

बाबांच्या डेस्कटॉपवरचा 'गाणी' हा फोल्डर काढून त्याच जागी, त्याच नावाचा शॉर्टकट ठेवला. चार दिवस त्यांच्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी पायचा लाल दिवा दिसला आणि रात्री साडेनऊला तोही बंद. मी कागद चिकटवला, 'कृपया बंद करू नये'. खाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, 'वीज कडाडली तर करीन'. ही अट मी मान्य केली आहे.

आता जोड्या. डिचोलीकर, तुम्ही थांबवलंत म्हणून वाचलो. एकसष्टपैकी अठ्ठावन्न खरोखर सारख्या होत्या. दोन ठिकाणी फक्त बायकोने टॅग भरले होते. एकसष्टावी म्हणजे तोच 'तिसऱ्या अंकातली पदे'. माझी प्रत 29 मिनिटांची, तिची 41 मिनिटांची. तिला विचारलं तर म्हणाली, मग, तुझ्या वेळी पट्टी रोलरला गुंडाळली होती ना, मी नंतर हेड पुसून ती बाजू पुन्हा उतरवली, तुला सांगितलं होतं. सांगितलं असेल. बाबा इतकी वर्षं 29 मिनिटांवर तुटणारा अंक ऐकत होते आणि काही बोलले नव्हते, त्यांना वाटलं कॅसेटच तेवढी आहे.

काल संध्याकाळी त्यांना 41 मिनिटांचा लावून दिला. तुटायची जागा आली आणि पुढे गेली तसे ते खुर्चीत पुढे सरकले. शेवटच्या पदाला ऑर्गन सुरू झाला आणि मिनिटभराने त्यांनी हात वर केला.

"हे काळी एकमध्ये होतं. इथे पांढरी दोन वाजतंय."

मी म्हटलं, बाबा, चाळीस वर्षं झाली. ते उठून आतल्या खोलीत गेले, पेटी उघडून सूर धरला. अर्धा सूर वर आहे, अगदी खरं. अर्धा सूर म्हणजे वेग साधारण सहा टक्के जास्त. बायकोने ज्या डेकवर कॅसेट लावली तो जोरात पळतो आहे, आणि त्याच डेकवर तिने आणखी अकरा कॅसेटी उतरवल्यात.

त्याचा वेगळा धागा काढतो.